वस्तीतलं पाळणाघर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचतगट, छोट्या संस्था, अंगणवाडी सेविका आणि कामावर जाणाऱ्या आया यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वस्तीत अंगणवाडी आहेच. मग वेगळं पाळणाघर कशाला?

दोघांचं काम वेगळं आहे. अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून चालते. पूरक आहार, लसीकरणाला मदत, वजन-उंचीची नोंद आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण ही तिची कामं. मुलं तिथे दिवसातले काही तासच असतात. तीन वर्षांखालच्या मुलाचा आहार घरी न्यायला मिळतो, मूल तिथे थांबत नाही.

पाळणाघर म्हणजे आई कामावर असेपर्यंत मूल सांभाळणं: खाऊ घालणं, झोपवणं, शी-शू काढणं, खेळवणं. आठ महिन्यांचं बाळ असलेल्या आणि सकाळी आठला बाहेर पडणाऱ्या बाईला अंगणवाडी लस देते, आहार देते, पण तिचे हात मोकळे करत नाही.

२. शासनाची पाळणाघराची योजना कोणती?

सध्या केंद्राची ‘पाळणा’ योजना. २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली, १ जानेवारी २०१७ पासून ती राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणून चालली आणि २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’च्या ‘सामर्थ्य’ या भागात ‘पाळणा’ म्हणून तिची फेररचना झाली. मुलांचं वय सहा महिने ते सहा वर्षं, एका केंद्रात जास्तीत जास्त २५ मुलं. महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास केंद्र उघडं ठेवायचं. बहुतेक राज्यांत खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४० अशी आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, आता भर अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्यावर आहे. तिथे सेविका-मदतनीस यांच्या जोडीला पाळणाघरासाठी वेगळी सेविका आणि मदतनीस असतात. दोन, आई नोकरी करते की नाही ही अट राहिलेली नाही. धुणीभांडी करणाऱ्या किंवा घरात बसून वाती वळणाऱ्या बाईकडे कामाचा दाखला कुठून येणार? तो कोणी मागत असेल तर हा मुद्दा त्यांच्या नजरेस आणून द्या.

३. आमच्या अंगणवाडीला ‘पाळणा’ जोडून हवं आहे. कोणाकडे जायचं?

आधी मुख्यसेविका (पर्यवेक्षिका), मग प्रकल्प कार्यालयात बालविकास प्रकल्प अधिकारी, म्हणजे सगळे ज्यांना सीडीपीओ म्हणतात ते. मंजुरी वरून येते, पण मागणीचा कागद खालून गेल्याशिवाय हलत नाही. नुसतं ‘पाळणाघर मिळावं’ असं निवेदन फायलीत पडून राहतं. सोबत काय लावावं:

- सहा वर्षांखालच्या मुलांची यादी, जन्मतारखेसह. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं वेगळी दाखवा.
- प्रत्येक आईचं काम आणि घरातून निघायची-परतायची वेळ (प्रश्न ४).
- अंगणवाडीच्या खोलीचं माप, पाणी, संडास आणि वीज यांची स्थिती.
- ग्रामीण भागात ग्रामसभेचा ठराव, शहरात नगरसेवक किंवा प्रभाग कार्यालयाचं पत्र.

अंगणवाडी भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत असेल तर प्रस्ताव जागेवर अडतो. शेजारची खोली, समाजमंदिर किंवा शाळेचा रिकामा वर्ग यांतलं काही आधीच ठरवून त्याचं संमतिपत्र जोडा.

४. बचतगट किंवा संस्था स्वतःहून पाळणाघर सुरू करू शकते का? सुरुवात कुठून करायची?

करू शकते. सुरुवात खोली शोधण्यापासून करू नका, घरोघरी फिरण्यापासून करा. शंभर-दीडशे घरांच्या वस्तीत दोघीजणींना आठवडा पुरतो. ‘पाळणाघर हवंय का?’ असं विचारलं की सगळ्या ‘हो’ म्हणतात. त्या ‘हो’वर काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी हे विचारा:

काल सकाळी घरातून कितीला निघालात, परत कितीला आलात? तेवढा वेळ मूल कोणाकडे होतं? त्या व्यक्तीला काही द्यावं लागतं का? महिन्यात किती दिवस काम असतं? मूल कुठे सोडलं तर वाटेत पडेल?

‘काल’ हा शब्द मुद्दाम आहे. ‘साधारण’ विचारलं की लोक साधारणच सांगतात. आणि मूल मोठ्या बहिणीकडे असतं असं उत्तर आलं तर तिचं वय आणि ती शाळेत जाते का, तेही लिहा. मागणीचा सगळ्यात पक्का पुरावा तोच असतो.

५. पाळणाघराची वेळ काय ठेवावी?

वस्तीतली पाळणाघरं बहुतेक वेळा इथेच फसतात. खोली रंगवलेली असते, खेळणी असतात, शिकलेली ताई असते आणि पटावरच्या पंचवीसपैकी आठ मुलं येतात, कारण दार साडेनऊला उघडतं. तोवर आयांनी मुलांची सोय दुसरीकडे लावलेली असते.

घरकाम करणारी बाई पहिल्या घरी सकाळी साडेसात-आठला पोचते, दुपारी घरी येते, चारला पुन्हा निघते. बिगारी नाक्यावर आठच्या आत उभी राहते आणि दिवेलागणीला परतते. पॅकिंगच्या कारखान्यातली नऊ ते सहा, वर येण्याजाण्याचा एक-दीड तास. भाजीवाली पहाटे मार्केटला. या सगळ्यांना एका वेळापत्रकात बसवता येत नाही आणि तसा हट्टही धरू नये.

एका मोठ्या कागदावर सकाळी ६ ते रात्री ९ असे तासांचे चौकोन आखा. सर्वेक्षणातल्या प्रत्येक आईसाठी एक आडवी रेघ: निघण्यापासून परतण्यापर्यंत. तीन-चतुर्थांश रेघा पूर्ण झाकल्या जातील अशी पट्टी निवडा. शहरी वस्तीत ती बहुधा दहा-अकरा तासांची निघते. ‘पाळणा’चे साडेसात तास यातल्या पुष्कळ आयांना अपुरे पडतात. त्यामुळे योजनेतलं केंद्र असलं तरी पुढेमागे दोन-तीन तास बचतगटाने किंवा संस्थेने भरून काढायची व्यवस्था लागते.

पट्टीबाहेर राहिलेल्या दोन-चार आयांसाठी (भाजीवाली, रात्रपाळीची आया) केंद्र ताणू नका. त्याच गल्लीत एखादी विश्वासू बाई पहाटेचे दोन तास सांभाळून मूल केंद्रात आणून सोडेल, एवढी सोय पुरते. पण तिचं नाव केंद्राच्या वहीत नोंदलेलं हवं (प्रश्न १४).

मूल जिथे आहे तिथे जाणं ही आपल्याकडे जुनी वाट आहे. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. वेळापत्रक गुरांच्या चरण्याचं होतं.

६. किती बायका लागतात?

मातृत्व लाभ कायद्याखालच्या पाळणाघरांसाठी केंद्राने २०१८ मध्ये दिलेल्या किमान मार्गदर्शक सूचनांचं प्रमाण वस्तीतही धरावं: तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित ताई, तीनच्या वरच्या वीस मुलांमागे एक, सोबत मदतनीस. दहा लहान आणि पंधरा मोठी अशी पंचवीस मुलं असतील तर दोन ताई आणि एक मदतनीस.

हा हिशोब एका क्षणाचा झाला, दिवसाचा नव्हे. सकाळी ८ ते संध्याकाळी ७ केंद्र चालवायचं आणि कोणाला आठ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, तर तिघींत भागत नाही. शिवाय एकटी बाई कधीच मुलांजवळ नको. एक मूल पडलं, तिने ते दवाखान्यात नेलं, मग बाकीच्यांकडे कोण? जमणारी पाळी अशी:

पहिली ताई आणि मदतनीस ८ ते ४. दुसरी ताई ११ ते ७. चौथी बाई वस्तीतलीच, दोन तुकड्यांत: सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ७. अकरा ते चार या वेळात, म्हणजे जेवण आणि झोपेच्या धांदलीत, तिघी असतात. आठ ते नऊमध्ये दोघीच, म्हणून त्या तासात स्वयंपाक किंवा आंघोळ ठेवायची नाही, फक्त मुलं उतरवून घ्यायची.

या चौथ्या बाईचं मानधन अंदाजपत्रकात नसतं. मग पहिली ताई अकरा तास थांबते आणि तीन महिन्यांत काम सोडते.

७. खोली किती मोठी हवी? पत्र्याची चालेल का?

वरच्याच सूचनांत एका मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट सांगितलं आहे. पंचवीस मुलांना ३०० चौरस फूट. दहा बाय पंधराची खोली म्हणजे १५० चौरस फूट, तिथे बाराच मुलं. स्वयंपाकाचा ओटा, कपाट आणि संडास या मापात धरू नका.

पत्र्याची चालते, पण उन्हाळ्याचा बंदोबस्त करून. पत्र्यावर बाहेरून पांढरा परावर्तक रंग किंवा चुन्याचा जाड हात, आत पत्र्यापासून वीतभर खाली बांबूच्या चटईचं छत, समोरासमोर दोन खिडक्या. पंखा एकटा पुरत नाही, तो तीच गरम हवा फिरवतो.

खोली घेण्याआधी गुडघ्यांवर बसून एक फेरी मारा. मुलाच्या उंचीवरून प्लगचं बोर्ड, सळईचं टोक, उघडं गटार आणि बादली दिसते. पाण्याची भरलेली बादली किंवा पिंप मुलांच्या खोलीत कधीही नको. रांगणारं मूल वीतभर पाण्यातही बुडतं. गॅस दाराआड, दाराला बाहेरून वर कडी.

८. खर्च कसा भागवायचा? फी घ्यावी का?

घ्यावी, पण फीवर केंद्र चालेल अशी आशा ठेवू नये. जुन्या राष्ट्रीय योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिना २० रुपये, महिना १२,००० पर्यंत उत्पन्न असलेल्यांना १०० आणि त्यावरच्यांना २०० असे दर होते. पंचवीस मुलांचे वीस-वीस रुपये म्हणजे महिना ५००. मदतनीसाचंही मानधन त्यातून निघत नाही. पाळणाघरात सगळ्यात मोठा खर्च माणसांचा असतो. तिथे कात्री लावली की प्रश्न ६ मधली अडचण उभी राहते.

पैसे उभे करण्याच्या वाटा: योजनेतून मानधन आणि आहार, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा १० टक्के वाटा, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, आणि वस्तीजवळच्या छोट्या कारखान्यांशी करार (प्रश्न १६). शेवटची वाट सगळ्यात कमी वापरली जाते.

रोजंदारीवरच्या आईकडून महिन्याची फी एकदम मागू नका. आठवड्याचा पगार ज्या दिवशी होतो त्या संध्याकाळी घ्या. थकली तर मूल परत पाठवायचं नाही, हा नियम दारावर लिहून ठेवा. नाहीतर लाजेपोटी आई यायचीच बंद होते आणि मूल पुन्हा बहिणीच्या कडेवर जातं.

९. एका मुलाला दिवसाचं किती खायला लागतं?

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. कच्च्या मापात ते असं बसतं:

- तांदूळ ७५ ग्रॅम
- मूगडाळ २५ ग्रॅम
- शेंगदाण्याचा कूट १० ग्रॅम
- तेल ७ ग्रॅम (दीड चहाचा चमचा)
- गूळ १० ग्रॅम

बेरीज साधारण ५०० किलोकॅलरी आणि तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं. तांदूळ-डाळीची खिचडी दुपारी, कूट-गुळाचा लाडू सकाळी. भाजी वरून. पंचवीस मुलांना रोज पावणेदोन ते दोन किलो तांदूळ लागतो. डाळ सव्वासहाशे ग्रॅम. भांड्यात डाळ दिसेनाशी झाली की माप कुठेतरी चुकतंय.

दहा-अकरा तास थांबणाऱ्या मुलाला एवढं पुरत नाही, तिसरं खाणं चार वाजता लागतंच. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचं पोट लहान, त्याला दर अडीच-तीन तासांनी थोडं थोडं, मऊ, वर चमचाभर तेल घालून. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं पाच वर्षांखाली देऊ नका, घशात अडकतात. एक वर्षाच्या आत मध नको.

१०. सहा महिन्यांखालचं बाळ घ्यावं का?

‘पाळणा’त किमान वय सहा महिने आहे. संस्थेचं स्वतःचं केंद्र असलं तरी लहान बाळ शक्यतो घेऊ नये, कारण सहा महिने फक्त आईचं दूध हा नियम मोडतो. पण रोजावर जाणाऱ्या बाईला २६ आठवड्यांची रजा कोण देणार? काही आया दीड-दोन महिन्यांत कामावर परततात. अशा वेळी बाळ नाकारलं तर ते चार वर्षांच्या भावाच्या ताब्यात राहतं.

घेणार असाल तर तीन अटी. त्या बाळांसाठी तीनमागे एक ताई. आईचं काम चालत दहा मिनिटांच्या आत, म्हणजे ती मधे येऊन पाजू शकेल. आणि काढलेलं दूध वाटी-चमच्याने, बाटलीने नाही. बाटलीचं बूच आणि निपल वस्तीतल्या पाण्यात स्वच्छ राहत नाही.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत चार तासांचा हिशोब धरू नका. फ्रिज नसेल तर झाकणाचा स्टीलचा डबा माठावरच्या ओल्या फडक्यात ठेवून पहिल्या एक-दोन तासांतच पाजा. उष्टं उरलेलं दूध पुन्हा ठेवायचं नाही.

११. झोळी बांधली तर चालेल का? बाळं तिच्यातच झोपतात.

झोळीत बाळ वाकडं होतं, हनुवटी छातीला टेकते आणि अगदी लहान बाळाचा श्वास अडू शकतो. दुसरा धोका मोठ्या मुलांचा, ती झोका देतात. म्हणून झोपेची जागा जमिनीवर: सतरंजी, वर घट्ट गादी, बाळ पाठीवर, तोंडाजवळ उशी-गोधडी काही नाही. रडून थकणाऱ्या बाळाला झोळीत शांत करायचं असेल तर ती जमिनीपासून गुडघ्याच्या आत, ताईच्या हाताखाली, आणि झोप लागली की खाली.

झोपावं म्हणून खोकल्याचं औषध किंवा गुटी देणं कुठल्याही परिस्थितीत नाही. आईने घरून पाजून आणलंय असं वाटलं, मूल हाका मारूनही नीट जागं होत नाही, तर थेट दवाखाना.

१२. मूल आजारी असेल तर घ्यायचं की परत पाठवायचं?

साधी सर्दी असेल तर घ्या. ३८ अंशांवर ताप, चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब, अंगावर पाणी भरलेले फोड, यात घरी. पण परत पाठवलं की आईचा रोज बुडतो, म्हणून ताप लपवून मूल आणलं जातं. दारातच कपाळाला हात लावायची सवय ठेवा आणि एक कोपरा वेगळा राखा, जिथे आई येईपर्यंत मूल थांबेल.

जुलाब सुरू झाला तर एक पाकीट ओआरएस पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात असं अंदाजाने नको, मीठ कमीजास्त होतं. दर जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, वरच्यांना १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने. उरलेलं चोवीस तासांनी फेका. झिंकच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून सांगतील तशा.

थांबायचं नाही अशी लक्षणं: पिणं बंद, सगळं उलटून पडतंय, झटका, मलूल. खोकल्यात छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील तर लगेच आरोग्य केंद्र. रडत्या मुलाचे मोजू नका.

१३. मूल कुपोषित आहे हे कसं ओळखायचं?

दंडघेराची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षं. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी (पट्टीचा लाल भाग) म्हणजे अतितीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. पट्टी आवळली की मूल उगाच ‘लाल’ निघतं, सैल धरली की सुटून जातं. एक बोट सरकेल एवढीही मोकळी नको, कातडी दबेल एवढी घट्टही नको.

दोन्ही पायांवर अंगठा दाबून खळगा राहतो का तेही पाहा. सूज असेल तर घेर कितीही असो, आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून गरजेप्रमाणे पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे एनआरसीत पाठवतात.

१४. मूल घ्यायला वेगळंच कोणी आलं, किंवा वडील दारू पिऊन आले तर?

प्रवेशाच्या दिवशीच आईकडून तीन नावं आणि फोन घ्या, शक्य तर फोटो. वहीत नाव नसलेल्याला मूल नाही, मामा असला तरी. वडील नशेत आले तर दारात वाद घालू नका. ‘आईला फोन केलाय, बसा’ एवढंच. दुसरी ताई मुलांना आतल्या बाजूला नेईल. म्हणूनही दोघी हव्यात. वडिलांना मूल द्यायचं नाही असं आई म्हणत असेल तर न्यायालयाचा आदेश आहे का ते विचारा. नसेल तर पर्यवेक्षिकेच्या किंवा संस्थेच्या कानावर घालून लेखी नोंद करा. ताईने एकटीने निर्णय घेऊ नये.

१५. मुलाच्या अंगावर खुणा दिसल्या, लैंगिक अत्याचाराचा संशय आला. काय करावं?

२०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे शंका असली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर शिक्षा आहे, संस्थाप्रमुखाला जास्त. ‘आधी खात्री करू’ म्हणून मुलाला चार जणांनी चार वेळा विचारायचं नाही. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहा. कपडे धुऊ नका, आंघोळ घालू नका. फोन: १०९८ किंवा ११२. वस्तीत नाव फुटू देऊ नका, तोही गुन्हा आहे.

१६. आमच्या कारखान्यात साठ कामगार, पण बायका सहाच. पाळणाघर लागू होतं का?

होतं. जुन्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त महिला कामगार ही अट होती, म्हणून मालक बायका एकोणतीसवर थांबवतात अशी तक्रार असायची. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने मोजणी बदलली: ५० कर्मचारी, त्यात पुरुषही आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६७ मध्येही ५० हाच आकडा आहे. आईला दिवसातून चार वेळा, विश्रांतीच्या वेळा धरून, मुलाकडे जाता येतं.

कारखान्याने स्वतःची खोली बांधलीच पाहिजे असं नाही. शासनाचं, नगरपालिकेचं, खासगी किंवा संस्थेचं सामाईक पाळणाघर चालतं, आणि अनेक आस्थापना मिळूनही एक चालवू शकतात. वस्ती आणि औद्योगिक वसाहत लागून असेल तर तुमच्या केंद्रासाठी ही खरी संधी आहे. २०१८ च्या सूचनांत अंतर ५०० मीटर सांगितलं आहे. करारात जागांची संख्या ठरवा आणि मुलं आली नाहीत तरी जागेचे पैसे, असं कलम घाला. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत ताईंचं मानधन अडकतं. कंत्राटी आणि रोजंदारीवरच्या बायकांची मुलंही यात धरायची.

१७. बांधकामाच्या साइटवर काय?

दिल्लीत १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दी प्रदर्शनाच्या बांधकामावर मातीत पडलेली बाळं पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर मांडलं, त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ संस्था उभी राहिली. पन्नास वर्षांनंतरही अडचण तीच आहे: इमारत पूर्ण होते आणि केंद्र उठतं. म्हणून सामान सुटं हवं: पत्र्याची पेटी, गुंडाळायच्या सतरंज्या, घडीचा फळा. बिल्डरशी बोलणी मजूर वस्ती बसतानाच करा, स्लॅब पडायला लागल्यावर कोणी खोली देत नाही. खोली मालाच्या लिफ्टपासून आणि सळई कापायच्या जागेपासून लांब मागा.

१८. घरकाम करणाऱ्या बायकांचा मालक कोण? पाळणाघर कोणाकडे मागायचं?

चार घरी काम, चार मालक, एकाकडेही पन्नास माणसं नाहीत. प्रश्न १६ मधला कायदा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांच्यासाठी वाट ‘पाळणा’ची (प्रश्न २ आणि ३). मोठ्या गृहसंकुलाच्या सोसायटीने क्लबहाउसची एक खोली दिल्याने भागेल असं सुचवलं जातं. जमलं तर उत्तम, पण काम सुटलं की मुलाची जागाही सुटते. खोली वस्तीतच बरी.

१९. ऊसतोडीची किंवा वीटभट्टीची कुटुंबं आली आहेत. मुलांचे कागद नाहीत.

अंगणवाडीच्या सेवेला गावातलं रेशनकार्ड लागत नाही. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप) बाळाचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर नोंद होते, आणि दुसऱ्या ठिकाणी गेलेल्याची नोंद हलवताही येते. लसीचं कार्ड हरवलं असेल तर लस थांबवायची नाही, एएनएम ताईंना (आरोग्य उपकेंद्राच्या परिचारिकेला) दाखवा. जन्मतारीख माहीत नसेल तर सण-पीक धरून विचारा: पोळ्याच्या आधी की नंतर? ज्वारी काढताना रांगत होता का? महिन्याच्या फरकाने वय लागतं.

कोयते (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) पहाटे फडात जातात. नऊला उघडणारं केंद्र तिथे निरुपयोगी. टोळीतलीच एक बाई मानधनावर ठेवणं जास्त चालतं.

२०. अपंग मूल घ्यावं का? आमच्याकडे प्रशिक्षण नाही.

घ्या. पटावर एक-दोन मुलं असतील तर लहान गटाच्या प्रमाणात मोजा, वय पाच असलं तरी (प्रश्न ६). भरवताना मूल सरळ बसलेलं हवं, आडवं नाही. आईला विचारा, ती रोज करते तसंच करा.

२१. कोणी दूध पावडरचे डबे फुकट देतंय. घ्यावे का?

बाळांची दूध पावडर असेल तर नाही. १९९२ च्या शिशुदुग्धपर्याय कायद्याने (२००३ ची दुरुस्ती धरून) तिच्या देणगीवर आणि जाहिरातीवर बंदी आहे, अपवाद अनाथालयांचा. कंपनीचं नाव असलेलं पोस्टर, वजनतक्ता, घड्याळही भिंतीवर नको. देणाऱ्याला सांगा: डाळ, तेल, साबण द्या.

२२. सुरुवातीला पंचवीस मुलं होती, आता अकरा. काय बिघडलं?

न येणाऱ्यांच्या घरी जा आणि प्रश्न ४ मधला ‘काल’चा प्रश्न पुन्हा विचारा. कारणं बहुधा यांतली: काम बदललं आणि वेळ जुळेना, सलग दोन-तीन दिवस केंद्र न सांगता बंद राहिलं, मूल ओल्या चड्डीत परत आलं, ताई अमुक जातीच्या मुलाला वेगळं बसवते अशी कुजबुज. शेवटचं कारण तोंडावर कोणी सांगत नाही. जेवणाच्या वेळी न कळवता जाऊन बसा, पंगत कशी बसते ते दिसतं.

पहिल्या पंधरवड्यात गळालेली मुलं वेगळी मोजा. एक-दोन वर्षांचं मूल नव्या जागी रडतंच. पहिल्या दिवशी आईसोबत तासभर, मग दोन तास, आठवड्याने पूर्ण दिवस, अशी सवय लावली तर टिकतं. रोजावरच्या आईला आठवडा काढता येत नाही, तिथे आजी किंवा शेजारीण चालते.

२३. शाळेतून सुटलेली सात-आठ वर्षांची भावंडं दारात येऊन बसतात. आत घ्यावीत का?

योजनेच्या पटावर सहा वर्षांवरची मुलं घेता येत नाहीत, त्यांचा आहारही त्यात धरता येत नाही. पण त्यांना हाकललं तर ती धाकट्याला घेऊनच घरी जातात आणि केंद्र दुपारी रिकामं होतं. संध्याकाळच्या पाळीत त्यांना वेगळ्या कोपऱ्यात अभ्यासाला बसवा, वेगळी वही, खाऊ बचतगटाच्या पैशांतून. लहान मुलांची झोप संपेपर्यंत, म्हणजे साडेतीनपर्यंत, आत सोडू नका. धाकट्याला सांभाळायचं काम त्यांच्याकडे द्यायचं नाही.